कॅट-१ विमानतळावर रेडिओ अल्टिमीटरचे एडी लागू होत नाहीत? उतरतानाची नियंत्रणं आणि नियम

ग्लाइडस्लोप (धागाकर्ता)

नागपुरात विमानदुरुस्ती शिकणाऱ्या मुलांच्या गटांमध्ये एक वाक्य सारखं कानावर येतं: "आपली आयएलएस कॅट-१, मिनिमा बॅरोमेट्रिक. रेडिओ अल्टिमीटरचे एडी दिल्लीच्या धुक्यात कॅट-३ करणाऱ्यांसाठी." (आयएलएस म्हणजे विमानाला धावपट्टीकडे नेणारे रेडिओ किरण; कॅट-१ ते कॅट-३ हे किती कमी दृश्यमानतेत उतरता येतं त्याचे स्तर; मिनिमा म्हणजे धावपट्टी दिसली नाही तर परत चढायची उंची; बॅरोमेट्रिक म्हणजे हवेच्या दाबावरून मोजलेली; रेडिओ अल्टिमीटर म्हणजे खालच्या जमिनीपासूनची उंची रेडिओ लहरींनी मोजणारं यंत्र; एडी म्हणजे असुरक्षित स्थिती दूर करण्याचा बंधनकारक आदेश.) पहिले दोन भाग बरोबर आहेत. तिसरा चूक आहे, आणि हीच चूक पुढे हँगरमध्ये कामाचा प्राधान्यक्रम ठरवते, म्हणून हा धागा.

कॅट-१ मध्ये वैमानिक निर्णय बॅरोमेट्रिक उंचीवर घेतो. सोनेगावची (नागपूर विमानतळाची) धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३० फुटांवर आहे. त्यात कॅट-१ चे २०० फूट मिळवले की सुमारे १,२३० फूट होतात (नेमका आकडा चालू चार्टवरूनच घ्यायचा). हा झाला माणसाचा निर्णय. विमान मात्र त्याच वेळी स्वतःचे वेगळे निर्णय घेत असतं: थ्रॉटल कधी मागे घ्यायचा, नाक किती वर धरायचं, स्पॉयलर (पंखांवरच्या हवा अडवणाऱ्या झडपा) उघडायचे की नाही, रिव्हर्सरचं (इंजिनाचा जोर उलटा वळवणाऱ्या यंत्रणेचं) कुलूप सोडायचं की नाही, कोणता इशारा दाबून ठेवायचा. यातले बरेचसे निर्णय रेडिओ उंचीवर होतात. धावपट्टी कॅट-१ आहे की कॅट-३, हे त्या संगणकाला माहीतही नसतं.

आदेशांचा क्रम पाहिला तरी हे दिसतं. अमेरिकेत ३.७ ते ३.९८ गिगाहर्ट्झ पट्ट्यात ५जी येणार म्हणून तिथल्या विमान नियामकानं, एफएएनं, ७ डिसेंबर २०२१ ला दोन एडी काढले: विमानांसाठी २०२१-२३-१२ आणि हेलिकॉप्टरांसाठी २०२१-२३-१३. नोटॅममध्ये (वैमानिकांसाठीच्या सूचनेत) नाव असलेल्या विमानतळांवर कॅट-२, कॅट-३, ऑटोलँड (विमानानं स्वतः उतरणं), आरएनपी-एआर (उपग्रहाच्या आधारे आखलेल्या अचूक मार्गानं येणं) आणि हेड-अप डिस्प्लेच्या आधारे थेट टेकण्यापर्यंतचं मार्गदर्शन यांना बंदी आली. इथपर्यंत "हे कॅट-३ वाल्यांचं" म्हणता आलं असतं. पण जानेवारी २०२२ मध्ये ७८७ साठी वेगळा एडी आला, तो दृश्यमानतेबद्दल नव्हताच. चुकीच्या रेडिओ उंचीमुळे इंजिन आणि ब्रेक यंत्रणा लँडिंग अवस्थेत जाणारच नाही आणि ओल्या किंवा बर्फाळ धावपट्टीवर विमान थांबायला जास्त अंतर लागेल, असा त्याचा मुद्दा होता. पुढच्या महिन्यात ७३७ साठी आलेल्या एडीत तर स्पष्ट लिहिलं की धोका अप्रोचचा (धावपट्टीकडे उतरत येण्याचा) प्रकार आणि हवामान काहीही असलं तरी आहे. ऑटोपायलट, ऑटोथ्रॉटल (इंजिनाचा जोर आपोआप ठरवणारी यंत्रणा), फ्लाइट कंट्रोल, रिव्हर्सर, जमिनीचा इशारा, टीकॅस (विमानांची टक्कर टाळणारी यंत्रणा) अशा यंत्रणांची नावंच त्यात आहेत. जगभरातली ८,३४२ विमानं त्याच्या कक्षेत होती.

ज्यांना आत काय चालतं हे नेमकं माहीत आहे त्यांनी भर घालावी. दुरुस्तीवाले आणि उडवणारे, दोन्ही बाजू हव्यात.

कोॲक्स

उपकरणापासून सुरू करतो, कारण बिघाड कुठे शिरतो ते त्याशिवाय कळत नाही.

विमानाच्या पोटाखाली प्रत्येक संचाच्या दोन चपट्या अँटेना असतात. एक पाठवते, दुसरी घेते. ४,२०० ते ४,४०० मेगाहर्ट्झमध्ये सतत सरकत जाणारी वारंवारता पाठवायची, परत आलेली आणि त्या क्षणी पाठवत असलेली यांतला फरक मोजायचा, फरकावरून वेळ आणि वेळेवरून उंची काढायची. पाठवण्याची ताकद एक वॉटच्या आसपास किंवा त्याहून कमी. जमिनीवर आपटून परत येणारा संकेत फारच क्षीण, त्यामुळे घेणारं यंत्र अतिशय संवेदनशील ठेवावं लागतं. बाहेरचा जोरकस संकेत त्याला त्रास देतो तो यामुळेच.

एक फूट उंची म्हणजे जाऊन-येऊन सुमारे दोन नॅनोसेकंद. हा आकडा ध्यानात ठेवा, हँगरमध्ये पदोपदी लागतो. अँटेनापासून ट्रान्सिव्हरपर्यंतच्या (संकेत पाठवणाऱ्या-घेणाऱ्या यंत्रापर्यंतच्या) कोॲक्स केबलमध्ये जाणारा वेळसुद्धा "उंची" म्हणून मोजला जातो, म्हणून तो आधीच वजा करून ठेवलेला असतो. त्याला इन्स्टॉलेशन डिले म्हणतात आणि तो ४०, ५७, ८० फूट अशा ठरलेल्या टप्प्यांत असतो. केबलची लांबी त्या हिशेबानंच दिलेली असते. जास्तीची दिसते म्हणून कुणी फूटभर कापली तर वाचन सुमारे पाऊण फुटानं कमी येतं. म्हणूनच केबल गुंडाळी करून बांधलेली असते. ती निष्काळजीपणे वाढलेली केबल नसते.

आता खरी अडचण. हे यंत्र एआरिंक ४२९ वर (विमानातल्या यंत्रांना जोडणाऱ्या माहितीवाहिनीवर) लेबल १६४ मध्ये उंची पाठवतं आणि सोबत दोन बिटांची स्थिती पाठवतं: बिघाड, मोजता येत नाही, चाचणी किंवा सामान्य. "बिघाड" आला तर पुढचे संगणक त्याला बाजूला ठेवतात, लाल झेंडा दिसतो, वैमानिकाला कळतं. २,५०० फुटांच्या वर "मोजता येत नाही" आलं तरी ठीक, तिथून खालीच ते काम करतं. घात होतो तो आकडा चुकीचा आणि स्थिती मात्र "सामान्य" असते तेव्हा. पुढच्या यंत्रणेला शंका घ्यायला जागाच उरत नाही.

५जी हे त्या चुकीचं एक कारण. अँटेनाच्या मागे साचलेलं पाणी, हिरवट पडलेला कनेक्टर, पाठवण्या-घेण्याच्या अँटेनांमधली गळती ही बाकीची. विमानाच्या दृष्टीनं परिणाम सारखाच.

वर्धारोड_एएमई

कोॲक्स दादा, एक सांगा. आमच्या गटात लोक म्हणून राहिलेत की दोन रेडिओ अल्टिमीटर असतात, एक चुकला तर दुसरा आहेच. मग एका चुकीनं इतकं काहून बिघडतं?

फ्लेअर_तीस

याचं उत्तर विमानाच्या प्रकारावर अवलंबून आहे, आणि दोन असणं म्हणजे दोघांची तुलना होणं असं नव्हे.

२५ फेब्रुवारी २००९, टर्किश एअरलाइन्सचं ७३७-८००, ॲमस्टरडॅमची धावपट्टी १८ उजवी. साधी आयएलएस अप्रोच, ऑटोलँडचा प्रश्नच नव्हता. सुमारे १,९५० फुटांवर डाव्या रेडिओ अल्टिमीटरनं उणे ८ फूट दाखवलं, आणि संगणकानं ते वैध धरलं. या विमानात ऑटोथ्रॉटल डावीकडचं वाचतो. डावीकडचं स्वतःहून अवैध झालं तरच उजवीकडे वळतो. फ्लॅप उघडलेले आणि उंची २७ फुटांखाली म्हटल्यावर ऑटोथ्रॉटल "रिटार्ड फ्लेअर" मध्ये (टेकण्याआधी जोर काढून घेण्याच्या मोडमध्ये) गेला आणि दोन्ही इंजिनं आयडलला, म्हणजे किमान जोरावर, आणली. उजवा ऑटोपायलट मात्र उजव्या, बरोबर असलेल्या रेडिओ अल्टिमीटरवर चालत होता. त्याचं काम ग्लाइडस्लोप (आयएलएसचा उताराचा किरण) धरणं, म्हणून वेग कमी होईल तसं तो नाक वर उचलत राहिला.

एकाच विमानात दोन यंत्रणा दोन वेगळ्या उंचींवर विश्वास ठेवत होत्या, आणि प्रत्येक आपलं काम चोख करत होती.

विमान ग्लाइडस्लोपच्या वरून आलं होतं, वेग जास्त होता, त्यामुळे इंजिन आयडलवर जाणं आधी खटकलं नाही. वेग हवा तेवढा खाली आल्यावरही थ्रॉटल पुढे आला नाही. स्टिक शेकर (वेग फार कमी झाल्याचा, काठी हलवून दिलेला इशारा) सुमारे ४६० फुटांवर सुरू झाला. १३५ जणांपैकी ९ जण गेले, त्यात कॉकपिटमधले तिघेही.

५जी तेव्हा नव्हतं. कॅट-३ नव्हतं. नेमकं जे आपल्याकडे रोज होतं तेच चाललं होतं. यानंतर ऑटोथ्रॉटलच्या संगणकात दोन्ही बाजूंची तुलना करणारी सुधारणा आली आणि २०१४ मध्ये एफएएनं एडी काढून ती बंधनकारक केली.

कॉकपिटमधून दिसतं काय, तर तीनच गोष्टी. उंची १,९०० असताना मोड दाखवणाऱ्या पट्टीवर "रिटार्ड". गिअर वर असेल तर अवेळी गिअरचा इशारा. डाव्या पडद्यावर उणे आकडा. यातलं एक जरी दिसलं तरी ऑटोथ्रॉटल आणि ऑटोपायलट दोन्ही सोडायचे, थ्रस्ट (इंजिनाचा जोर) हातानं द्यायचा, अप्रोच सोडून पुन्हा चढायचं. नुसता थ्रॉटल पुढे ढकलून हात काढला तर रिटार्ड मोड तो परत मागे ओढतो. त्या दिवशी हेही घडलं.

फ्लेअर_तीस

एअरबसचं वेगळं आहे, म्हणून वेगळा प्रतिसाद.

ए३२० मध्ये साइडस्टिक (बाजूची नियंत्रण काठी) सोडलं की विमान आहे तो मार्ग धरून ठेवतं. पण लँडिंगच्या वेळी विमानाचं नाक नेहमीसारखं खाली जायला हवं, नाहीतर वैमानिकाला फ्लेअरची (टेकण्याआधी नाक वर उचलण्याची) जाणीव होत नाही. म्हणून ५० फूट रेडिओ उंचीला संगणक त्या क्षणीची नाकाची स्थिती लक्षात ठेवतो आणि ३० फुटांपासून ८ सेकंदांत नाक हळूहळू उणे २ अंशांकडे नेतो. वैमानिक त्याविरुद्ध स्टिक मागे ओढतो, हीच फ्लेअर. २० फुटांना "रिटार्ड" असा आवाज येतो. ५० फूट भलत्याच उंचीवर आले तर नाक खाली ढकलणारा नियमही भलत्याच उंचीवर जागा होतो.

दोन्ही रेडिओ अल्टिमीटर उघडपणे बंद पडले तर गोष्ट बरी, कारण ती कळते. अप्रोच मोड मिळत नाही, फक्त लोकलायझर (डावी-उजवी दिशा दाखवणारा किरण) मिळतो, उंचीच्या हाका बंद होतात. गिअर खाली घेतलेलं असताना ऑटोपायलट सोडला की नियंत्रणं डायरेक्ट लॉमध्ये (संगणकाच्या मदतीविना, काठीशी थेट जोडलेल्या अवस्थेत) येतात. ट्रिम हातानं चाकावर करावं लागतं, स्टिक जास्त तिखट वाटतं. ऑटोपायलट नेमका कुठे सोडायचा हे आधी ठरवून बोलायचं. २०० फुटांवर अचानक डायरेक्ट लॉ हातात येण्यापेक्षा वरच सोडून विमानाचा अंदाज घेतलेला केव्हाही बरा.

सीताबर्डी_स्कॅनर

एक विरोधी मत मांडतो. ५जीमुळे आजवर एकही प्रवासी विमान पडल्याची नोंद नाही. युरोपात ३,४०० ते ३,८०० मध्ये आधीपासून सेवा आहे. १९ जानेवारी २०२२ ला एअर इंडियानं अमेरिकेच्या फेऱ्या रद्द केल्या आणि दोन दिवसांत पुन्हा सुरूही केल्या. मग हा सगळा गाजावाजा अति नाही का?

ग्लाइडस्लोप

प्रश्न रास्त आहे. उत्तर वारंवारतांमधल्या अंतरात आहे. युरोपात वरची मर्यादा ३,८००, म्हणजे रेडिओ अल्टिमीटरपर्यंत ४०० मेगाहर्ट्झ मोकळे. अमेरिकेत ३,९८०, म्हणजे २२० च. भारतात ३,३०० ते ३,६७०, म्हणजे ५३०. आपण या बाबतीत सर्वांत सुरक्षित बाजूला आहोत, हे मान्य.

पण एडी अपघात झाल्यावरच काढायचा असा नियम नाही. असुरक्षित स्थिती आहे आणि ती त्याच प्रकारच्या इतर विमानांत असू किंवा उद्भवू शकते, एवढं दिसलं की तो निघतो. अपघात नाहीत याचं एक कारण निर्बंध वेळेत आले हेही आहे. फेऱ्या सुरू झाल्या त्याही विमानतळांजवळची ५जी केंद्रं तूर्त थांबवली आणि उपकरणांची एकेक तपासणी करून परवानगी दिली, म्हणून. पुढे २०२३-१०-०२ या एडीनं २०२१-२३-१२ ची जागा घेतली आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून तिथल्या नियमित विमान कंपन्यांना सहनशील रेडिओ अल्टिमीटर किंवा फिल्टर सक्तीचा झाला.

आणि आपल्याकडेही कागद निघालाच. दूरसंचार विभागानं २९ नोव्हेंबर २०२२ ला कंपन्यांना कळवलं: धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत ३,३०० ते ३,६७० मधलं ५जी केंद्र नको. त्यापुढच्या ५४० मीटरच्या पट्ट्यात ताकद ५८ डीबीएम प्रति मेगाहर्ट्झच्या आत. विमानांतले फिल्टर बदलले जाईपर्यंत हे राहील असंही त्यात होतं. ५जी सर्वांत आधी पोचलेल्या मोजक्या विमानतळांत नागपूर होतं, त्यामुळे हा विषय आपल्यासाठी परका नाहीच.

वर्धारोड_एएमई

२.१ किलोमीटरच काहून? दोन किंवा पाच का नाही?

ग्लाइडस्लोप

विभागाची गणितं माझ्यासमोर नाहीत, पण ग्लाइडस्लोपवर हिशेब मांडून बघा, अर्थ लागतो.

तीन अंशांच्या उतारावर धावपट्टीचा उंबरठा (सुरुवातीचं टोक) सुमारे ५० फुटांवर, म्हणजे १५ मीटरवर ओलांडायचा असतो. २,१०० मीटर मागे गेलं की उतारानं ११० मीटर वाढतात. एकूण १२५ मीटर, म्हणजे सुमारे ४१० फूट. आणखी ५४० मीटर मागे सुमारे ५०० फूट. फ्लेअर, रिटार्ड, स्पॉयलर, शेवटच्या हाका सगळं या चारशे फुटांच्या आत घडतं. आपल्या ३२ वर विमान आग्नेयेकडून येतं, १४ वर वायव्येकडून. दोन्ही बाजूंना वस्ती वाढते आहे, आणि कोणत्याही इमारतीच्या गच्चीवर नवा मनोरा उभा राहू शकतो. मनोरा दिसला म्हणजे तो नियम मोडतोच असं नाही, तो वेगळ्या वारंवारतेवर असू शकतो. मोजमाप करणं दूरसंचार विभागाचं काम. आपण जागा आणि तारीख कळवावी.

पारा४६

नागपूरकरांसाठी एक भर. रेडिओ उंची चुकते आहे का हे बॅरोमेट्रिकशी ताडून बघायला सांगतात. मे महिन्यात ते सरळ ताडून चालत नाही.

४५ अंशांच्या दुपारी हवा प्रमाण तापमानापेक्षा सुमारे ३२ अंशांनी गरम असते. गरम हवेचा थर जाड असतो, त्यामुळे बॅरोमेट्रिक अल्टिमीटर विमानतळापासूनची उंची खरीपेक्षा कमी दाखवतो. केल्विनमध्ये प्रमाण काढलं, ३१८ भागिले २८६, तर फरक सुमारे ११ टक्के येतो. विमान धावपट्टीच्या खरोखर १,५०० फूट वर असेल तर बॅरोमेट्रिक हिशेबानं सुमारे १,३५० च दिसेल. २०० फुटांच्या मिनिमाला खरी उंची सुमारे २२२. ग्लाइडस्लोपचा किरण तापमानानं हलत नाही, तो जमिनीवरच्या अँटेनातून निघतो. म्हणून मे महिन्यात ग्लाइडस्लोप अगदी मध्ये असतानाही चार्टवरच्या ताडणीच्या बिंदूला अल्टिमीटर कमी दाखवणार. हे रेडिओ अल्टिमीटरचं बिंग फुटणं नव्हे. ग्लाइडस्लोप खोटा पकडलाय असंही लगेच समजू नये, पण अंतराशी ताडल्याशिवाय तापमानावर ढकलूनही देऊ नये: उंबरठ्यापासून दर सागरी मैलाला सुमारे ३२० फूट, अधिक ५०.

उन्हाळ्याचा दुसरा परिणाम वेळेवर. त्याच दुपारी हवेची घनता सुमारे ५,००० फुटांवर असावी इतकी उतरते. दर्शनी वेग १४० नॉट ठेवला तरी खरा वेग १५० च्या वर जातो. वारा नसेल तर तीन अंशांवर उतरण्याचा वेग मिनिटाला सुमारे ७४० ऐवजी ८०० फूट. ५० फुटांपासून टेकण्यापर्यंत, फ्लेअर धरलीच नाही तर, चार सेकंदांहूनही थोडं कमी. संगणकाचा चुकीचा निर्णय ओळखून सुधारायला उन्हाळ्यात वेळ आणखी कमी, एवढं ध्यानात असावं.

फ्लेअर_तीस

पारा४६, उत्तम. त्यात एवढंच जोडतो की रेडिओ उंची खालच्या जमिनीची असते, धावपट्टीची नव्हे. नाला, पूल, इमारत यांवरून जाताना आकडा उड्या मारतोच. संशयास्पद काय, तर दोन्ही पडद्यांवर वेगळे आकडे, गोठलेला आकडा, किंवा सपाट जमिनीवर शंभर-दोनशे फुटांची झेप. २,५०० फुटांना दोन्ही बाजू जाग्या झाल्या का, हे दोघांनी मोठ्यानं म्हणून बघायचं. ही सवय एका वाक्याची आहे आणि ॲमस्टरडॅमसारखी स्थिती हजार फूट आधी पकडते.

डीजीसीएचा (भारताच्या विमान नियामकाचा) स्थिर अप्रोचचा नियम इथेच उपयोगी पडतो: ढगांत १,००० फूट, उघड्या हवामानात ५०० फूट. त्या उंचीला वेग, थ्रस्ट, उतरण्याचा दर यांतलं एकही बसत नसेल तर परत चढायचं. इंजिन आयडलवर असेल तर अप्रोच स्थिर नाहीच, मग आकडे कितीही सुंदर दिसोत.

मिहान_हँगर

आता हँगरचं. मिहानात बोइंग आणि एअरबस दोन्ही येतात, म्हणून आधी प्रकरण बघा: बोइंगच्या मॅन्युअलमध्ये ३४-३३, एअरबसमध्ये ३४-४२. खाली लिहितोय ते समजण्यासाठी. काम करताना त्या विमानाचं चालू मॅन्युअलच समोर हवं.

अँटेना काढण्यापूर्वी सर्किट ब्रेकर ओढून खूण लावायची. सीलंट प्लास्टिकच्या पट्टीनंच कापायचं, लोखंडी पट्टीनं त्वचेवर ओरखडा पडला की गंजाला वाट मिळते. अँटेना खाली आली की केबल लगेच बांधून ठेवा, नाहीतर ती आत घसरते आणि अर्धा दिवस पॅनेल उघडण्यात जातो. कनेक्टरची मधली पिन आत सरकलेली नाही ना, हिरवट पावडर नाही ना, बघायचं. पावसाळ्यानंतर सर्वाधिक तक्रारी इथूनच येतात: पाणी सीलंटच्या एका टाचणीएवढ्या छिद्रातून शिरतं, वर चढताना गोठतं, खाली येताना वितळतं. म्हणून बिघाड फक्त उतरतानाच दिसतो आणि जमिनीवर चाचणी अगदी स्वच्छ येते. अशा वेळी "दोष आढळला नाही" लिहून विमान सोडणं ही या प्रणालीतली सर्वांत महाग चूक आहे. ट्रान्सिव्हर बदलण्याआधी अँटेना आणि केबल बघा.

बसवताना बाण पुढच्या दिशेला. बाँडिंगचा (विमानाच्या धातूशी विद्युत जोडणीचा) पृष्ठभाग धातू दिसेपर्यंत साफ, मग मॅन्युअलमधल्या मर्यादेत रोध मोजून नोंद. पाठवण्याची आणि घेण्याची केबल उलटसुलट लागू नये म्हणून जोडण्याआधी दोन्हींच्या पट्ट्या वाचायच्या, जोडून झाल्यावर पुन्हा. अँटेनावर रंग चालत नाही, रंगकाम करणाऱ्यांना आधीच झाकण लावून द्या आणि ते काढल्याची सही घ्या.

चाचणी करताना पोटाखालून शिडी, ट्रॉली, ताडपत्री हलवा. उपकरण त्यांचीच उंची मोजतं. ७३७ वर स्वचाचणीला ४० फूट दिसले म्हणजे ट्रान्सिव्हर आणि पडदा ठीक, अँटेना ठीक असल्याचा तो पुरावा नाही. त्यासाठी लूप टेस्टर लावून निरनिराळ्या उंची देऊन बघायच्या, आणि सोबत पुढच्या यंत्रणांनाही आकडा पोचतो का हे बघायचं.

कोॲक्स

फिल्टर बसवतानाची एक गोष्ट यात जोडू द्या. बाहेरचा त्रास दोन प्रकारचा असतो. एक, ५जीच्या पट्ट्यातलाच जोरकस संकेत घेणाऱ्या यंत्राला बधिर करतो. दोन, त्या केंद्राची भरकटलेली ऊर्जा थेट ४,२०० ते ४,४०० मध्ये पडते. फिल्टर पहिल्यावर इलाज आहे. दुसऱ्यावर नाही, कारण ती ऊर्जा आपल्याच पट्ट्यातून आत येते आणि फिल्टर तिला आपला संकेत समजून सोडतो. ती केंद्राकडेच रोखावी लागते. म्हणून फिल्टर बसला की मनोऱ्यांची मर्यादा निरर्थक झाली, असं समजू नये.

शिवाय फिल्टर स्वतः काही नॅनोसेकंद उशीर करतो आणि थोडा संकेत खातो. मंजूर सर्व्हिस बुलेटिनमध्ये (उत्पादकाच्या कामाच्या सूचनेत) हे धरलेलं असतं. त्यातलाच भाग क्रमांक, त्यातलीच केबल. "त्याच मापाचा दुसरा" चालत नाही.

वर्धारोड_एएमई

आणि कागदपत्रं? एडी अमेरिकेचा, विमान व्हीटी (भारतीय) नोंदणीचं. आपल्याला बंधनकारक कसा होतो?

मिहान_हँगर

विमानाचा आराखडा ज्या देशात तयार आणि प्रमाणित झाला त्या देशाचा एडी भारतात नोंदलेल्या त्या प्रकारच्या विमानाला डीजीसीए लागू करतं. बोइंगला एफएए, एअरबसला ईआसा (युरोपचा विमान नियामक). सीएआर-एमच्या (डीजीसीएच्या देखभाल नियमांच्या) एम.ए.३०३ प्रमाणे तो मुदतीत पूर्ण करणं विमानकंपनीची जबाबदारी, आणि तिचा कॅमो (विमान उड्डाणयोग्य ठेवण्याचं व्यवस्थापन करणारा) विभाग ते सांभाळतो. नोंदीत एडीचा क्रमांक आणि आवृत्ती, कोणत्या पद्धतीनं पूर्ण केला, तारीख, उड्डाणतास, फेऱ्या, आणि पुन्हापुन्हा करायचा असेल तर पुढची मुदत. आवृत्ती विसरू नका. जुना एडी रद्द होऊन नवा आला की जुन्यावरची सही आपोआप चालत नाही, नव्यात तसं लिहिलं असेल तरच चालते. वेगळ्या पद्धतीनं करायचं तर पर्यायी पद्धतीची लेखी मंजुरी आधी.

मुदतींचं टोकाचं उदाहरण हवं तर नोव्हेंबर २०२५ चं बघा. ए३२० कुटुंबातल्या एका विमानानं ३० ऑक्टोबरला क्रूझमध्ये अचानक नाक खाली टाकलं. कारण म्हणून सौर प्रारणानं एलॅक (उड्डाणाची नियंत्रणं हलवणाऱ्या) संगणकातली माहिती बिघडण्याची शक्यता पुढे आली. २८ नोव्हेंबरला ईआसाचा तातडीचा एडी आला आणि पुढच्या उड्डाणाआधीच काम करायचं होतं. रेडिओ अल्टिमीटरच्या २०२३ च्या एडीत फिल्टर बसवायला महिने मिळाले. किती वेळ मिळतो हे धोक्याच्या स्वरूपावर ठरतं, पण सही करणाऱ्याची जबाबदारी दोन्हीकडे तेवढीच.

सीताबर्डी_स्कॅनर

माझा मुद्दा मागे घेतो असं नाही, भारतात ५जीचा धोका कमी आहे हे अजूनही म्हणेन. पण कारण कोणतंही असो, चुकीचा आकडा "सामान्य" म्हणून आला तर विमान काय करतं, हा प्रश्न वेगळा आहे, हे पटलं. शेवटचा प्रश्न: उडताना असं काही दिसलं तर टेक लॉगमध्ये (विमानाच्या दोष-नोंदवहीत) नेमकं काय लिहिलं की हँगरला उपयोग होतो?

मिहान_हँगर

"रेडिओ अल्टिमीटर अधूनमधून बंद" एवढंच येतं, आणि त्यावरून काही करता येत नाही. हे लिहा: डावा की उजवा. झेंडा आला, आकडा गायब झाला, गोठला की चुकीचा पण स्थिर दिसला. त्या वेळची बॅरोमेट्रिक उंची, क्यूएनएच (अल्टिमीटरवर लावलेला दाब) आणि दुसऱ्या बाजूचा आकडा. गिअर आणि फ्लॅप कुठे होते, कारण काही बिघाड गिअर खाली गेल्यावर होणाऱ्या परावर्तनामुळे दिसतात. मोडच्या पट्टीवर काय बदललं. कोणती धावपट्टी, किती मैलांवर, पाऊस होता का, किती सेकंद टिकलं.

उदाहरण: "धावपट्टी ३२, ४ मैल, बॅरो २,३५०, डावा रेडिओ २०, उजवा १,३१०, गिअर खाली, फ्लॅप १५, 'रिटार्ड' दिसलं, ऑटोथ्रॉटल सोडला, परत चढलो, ६ सेकंदांनी डावा पूर्ववत." या एका ओळीवरून आम्ही थेट डाव्या संचाच्या अँटेनापाशी जातो आणि फ्लाइट डेटा रेकॉर्डरमध्ये लेबल १६४ नेमकं कुठे बघायचं तेही कळतं. एकाच जागी दोन वेगळ्या विमानांना असं झालं तर दुरुस्तीसोबत एटीसी आणि डीजीसीएलाही कळवा. मग शोध विमानात नव्हे, जमिनीवर घ्यायचा असतो.